वरुण म्हणतो सगळं ठीक

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

रोजनिशी सुरू. ही फक्त माझ्यासाठी. तरी तारखा नीट टाकणार आहे, कारण पुढे कुठल्या कॉन्फरन्सला बोलावलं तर तारखा लागतात.

परिस्थिती अशी. सिडनीतल्या एका बँकेत मी नऊ वर्षं डेटा सायंटिस्ट होतो. जुलैमध्ये बँकेनं रिस्ट्रक्चर केलं आणि मी त्या संधीचा फायदा घेतला. माझ्याबरोबर आणखी साठ जणांनी घेतला. हृषीकेशनं घेतला नाही. तो अजून तिथेच आहे, माझ्या खुर्चीवर. काही लोकांना संधी ओळखताच येत नाही.

सध्या मुक्काम डार्विनपासून गाडीनं तासभर, एका मत्स्यशेतीवर. अठरा तळी, प्रत्येकात हजारो बॅरामुंडी मासे. माझं काम, पाण्यातला ऑक्सिजन कधी पडणार हे मशीन लर्निंगनं आधीच सांगायचं. ऑक्सिजन पडला तर तास-दोन तासांत तळं मरतं म्हणे. करार तीन महिन्यांचा. जमलं तर नोकरी पर्मनंट, पद हेड ऑफ डेटा. मग बायको मिताली आणि मुलगा विहान सिडनीच्या स्कोफिल्ड्स भागातलं आमचं घर भाड्यानं देऊन इकडे येणार. मितालीला हे अजून पटलेलं नाही. ती म्हणते, ख्रिसमसपर्यंत काय ते एक ठरव, मला आणि पोराला लटकत ठेवू नकोस.

ठरलेलंच आहे. मी फक्त काम करायचं बाकी आहे.

राहायला एक पत्र्याची केबिन. इथे तिला डोंगा म्हणतात. एसी आहे. एसीवर पाल आहे.

संकल्प: रोज सकाळी साडेपाचला तळ्यांना एक फेरी.

७ ऑक्टोबर, मंगळवार

फेरी झाली नाही. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मगरीची पाटी आहे. पाटीवर मगर हसतेय असं वाटतं. व्यायाम डोंग्यातच करणार, एसी लावून.

मालकीण रेलीन, साठीची, हॅट कधी काढत नाही. तिला बेचाळीस स्लाइड्स दाखवायला बसलो. तिसऱ्या स्लाइडला ती उठली, पंप बघायचाय म्हणाली, आणि बाकीचं विमलला दाखव असं सांगून गेली.

विमल म्हणजे विमलताई. बावन्नच्या. पेणजवळच्या खारेपाटातल्या. नवरा डार्विनच्या हॉस्पिटलमध्ये, या इथे अकरा वर्षं तळ्यांवर. बॅरामुंडीला जिताडा म्हणतात. त्यांच्या वडिलांच्या शेतातल्या तळ्यात जिताडे होते, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. सात समुद्र ओलांडून मराठी बोलणारं एक माणूस भेटलं, आणि नेमकी तीच ती मॅन्युअल प्रोसेस निघाली जी मला काढून टाकायची आहे.

प्रोसेस अशी. तळ्यात मोठी चाकं असतात, ती पाणी घुसळून त्यात हवा मिसळतात. त्यांना पॅडल म्हणतात. रात्री पॅडल टायमरवर चालतं. दिवसा कधी लावायचं ते विमलताई ठरवतात. पाण्यात हात घालतात, हात हुंगतात, आभाळाकडे बघतात आणि बटण दाबतात. कशावरून, असं विचारलं. म्हणाल्या, पाणी दमलेलं कळतं.

लिहून घेतलं. दमण्याला युनिट नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

डेटा मिळाला. अकरा वर्षांचा. दर दहा मिनिटांचा ऑक्सिजन, तापमान, वारा, पॅडल कधी चालू कधी बंद, आणि धोक्याच्या प्रत्येक वेळेची नोंद. सगळं विमलताईंनी भरलेलं, एक रकाना रिकामा नाही. बँकेतही असा डेटा बघितला नव्हता. अर्थात डेटा म्हणजे नुसता कच्चा माल.

मॉडेलचं नाव ठेवलं वरुण. रेलीन त्याला वॉरन म्हणते. दोनदा दुरुस्त केलं, आता सोडून दिलं.

उकाडा भयंकर. इथे याला बिल्ड-अप म्हणतात, म्हणजे पाऊस पडायच्या आधी माणसाला दोन महिने वाफवायचं. डोंग्याबाहेर पडणं शक्य नाही. तसंही माझं काम स्क्रीनवर आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. दिवाळी

मितालीनं पाठवलेलं पार्सल आलं. चकल्यांचा चिवडा झालाय आणि चिवड्याचं पीठ. विमलताईंनी करंज्या आणल्या. आणल्या ते ठीक, पण देताना विचारलं, आज तळ्यावर गेला होतात का. सणाच्या दिवशी तरी माणसाला सोडावं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. विहानला वरुणचा ग्राफ दाखवला. त्याचा प्रश्न, "डॅड, हॅव यू टच्ड अ फिश येट?" मी त्याला समजावलं की विमान बनवणाऱ्याला उडता यावं लागत नाही. तो म्हणाला, "सो, नो."

कॅसल हिलच्या क्लासला इतकी फी भरून हे शिकवतात.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आजची तारीख लक्षात ठेवण्यासारखी. वरुणची अचूकता शहाण्णव पूर्णांक आठ टक्के. दिवसा कधी धोका येणार हे तो शंभरात जवळजवळ सत्त्याण्णव वेळा बरोबर सांगतो.

आणि गंमत म्हणजे, कुठली माहिती सर्वांत महत्त्वाची हे त्याचं त्यानं शोधलं. तापमान नाही, वारा नाही. पॅडल चालू आहे की बंद, हा रकाना. मी सांगितलं नव्हतं. याला म्हणतात बुद्धी.

हृषीकेशला स्क्रीनशॉट पाठवला. त्यानं नुसता अंगठा पाठवला आणि वर विचारलं, एखादा रकाना आधीच उत्तर सांगून टाकत नाही ना, तेवढं बघून घे. इतक्या लांबूनही जळफळाट लपत नाही. उत्तर दिलं नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

वरुण लाइव्ह. पहिला इशारा.

दुपारी २.१० ला विमलताईंनी चार नंबरच्या तळ्याचं पॅडल लावलं. २.१५ ला वरुण लाल झाला, चार नंबरला धोका. म्हणजे अकरा वर्षांचा अनुभव आणि माझं साडेतीन आठवड्यांचं मॉडेल, दोघांचं एकमत. मी धावत जाऊन विमलताईंना दाखवलं. धावत म्हणजे गोल्फ कार्टनं.

त्यांनी स्क्रीन नीट बघितली. विचारलं, हे मी लावायच्या आधी का नाही सांगितलं. पाच मिनिटांचा फरक इंटरनेटमुळे आहे, हे मी समजावून सांगितलं. इथलं इंटरनेट म्हणजे शिक्षा आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

नवीन अँटेना बसवला. फरक अजून पाच मिनिटं. सात नंबर, अकरा नंबर, पुन्हा चार, सगळीकडे पाच मिनिटं. राउटर खूप खाली आहे. उंच करायला हवा.

विमलताई आता पॅडल लावलं की घड्याळ बघतात आणि मग माझ्या डोंग्याकडे बघतात. हळूहळू त्यांनाही विश्वास वाटायला लागलाय.

साडेपाचचा संकल्प आता साडेसहावर आणला. व्यवहारी असावं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डॅशबोर्ड नव्यानं केला. आधी अठरा तळ्यांचे आकडेच आकडे होते, बघणारा गोंधळतो. ते सगळं काढलं. आता प्रत्येक तळ्याला एकच गोल, हिरवा किंवा लाल.

जुना भोंगाही बंद केला. ऑक्सिजन फार खाली गेला की तो केकाटायचा. म्हणजे चोर घरात शिरल्यावर. वरुण चोर यायच्या आधी सांगतो, मग भोंगा कशाला. विमलताई म्हणाल्या, असू द्या की भाऊ, खातोय काय तो. मी म्हटलं, दोन-दोन आवाज असले की लोक एकही ऐकत नाहीत. हे वाक्य मला नंतर फार आवडलं. कॉन्फरन्सच्या फाइलमध्ये घातलं.

रेलीनला विचारलं, ती म्हणाली नो वरीज, तुला कळतं त्यातलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मोठी बातमी. विमलताई पुतण्याच्या लग्नाला पेणला चालल्यात, तीन आठवडे. अकरा वर्षांत एवढी मोठी सुट्टी पहिल्यांदा. रेलीननं मला बोलावून सांगितलं की या तीन आठवड्यांत दिवसाची तळी वरुण बघेल. वरुणनं निभावलं तर मी पर्मनंट. तिनं हातात हात देऊन सांगितलं. तिचा हात म्हणजे पॉलिश पेपर.

लगेच मितालीला फोन. पहिल्यांदाच तिनं मध्ये न तोडता ऐकलं. मग म्हणाली, नक्की ना यतीन, तू नक्की म्हणालास तर मी कामावर सांगते. म्हटलं, नक्की.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

विमलताई गेल्या. जाताना एक दोनशे पानी वही दिली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. चाळीसएक पानं लिहिलेली, सगळी मराठीत. इंग्रजीत लिहायला वेळ लागतो आणि नीट सांगता येत नाही, तुम्ही आहात म्हणून मराठीत लिहिलं, म्हणाल्या. मी नसतो तर या फार्मवर ती कुणाला वाचताही आली नसती.

गाडीत बसता बसता पुन्हा मागे वळल्या.

"पहिलं पान तेवढं आजच वाचा, भाऊ. बाकीचं सवडीनं."

वाचणार. रविवारी शांतपणे. आज राउटरचं काम काढलं होतं. त्याच्याखाली काहीतरी बरोबर बोटभर उंचीचं हवं होतं. वही पिशवीसकट बरोबर बसली. सिग्नलची एक कांडी वाढली.

२३ नोव्हेंबर, रविवार

वही वाचली नाही. काढली असती तर सिग्नल गेला असता, आणि वरुणला सिग्नल लागतो. शिवाय अनुभवी लोकांच्या वह्यांमध्ये काय असतं ते मला माहीत आहे. आभाळ, वारा, हात घाला, वास घ्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वरुणचा पहिला एकट्याचा दिवस. अठरा गोल हिरवे. दिवसभरात एकही पॅडल लावावं लागलं नाही.

रेलीननं विचारलं, वही बघितलीस का. बघितली, म्हटलं. बघितली होतीच. काय आहे, विचारलं. लोकल कंडिशन्स, म्हटलं, टेक्निकल असं काही नाही. ती बरं म्हणाली. तिला मराठी येत नाही, तिनं दुसरं काय म्हणायचं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाचही दिवस हिरवे. दिवसा पॅडल शून्य तास. विमलताई रोज दोन-तीन तळ्यांना तरी लावायच्या. उगाच लावत होत्या हे आता डेटानं सिद्ध होतंय. मला त्यांचं वाईट वाटलं. अकरा वर्षं.

ऊन कडक, वारा छान. एसी सोळावर.

१ डिसेंबर, सोमवार

आठवा दिवस. हिरवे.

मितालीनं कामावर सांगून टाकलं. डार्विनमधल्या दोन शाळांना मेलही केला. विहान क्लासमधल्या मुलांना सांगत सुटलाय की त्याचे वडील मगरींच्या शेजारी फिश हॅकर आहेत. मी त्याला दुरुस्त केलं नाही. बऱ्याच दिवसांनी त्यानं कुणाला तरी माझ्याबद्दल काही सांगितलं होतं.

हृषीकेशला मेसेज टाकला, एकट्यानं आठ दिवस. या वेळी अंगठाही नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

काल दुपारपासून आभाळ भरलेलं. पडत काहीच नाही. वारा मेला. अंगावर ओली गोधडी घेतल्यासारखं वाटतं. रेलीन दारात येऊन आभाळाकडे बघत उभी राहिली, अशा वेळी विमल काहीतरी करते म्हणाली. मी स्क्रीन दाखवली. अठरा हिरवे. बरं, म्हणाली आणि गेली.

संकल्प: उद्यापासून खरंच साडेसहा.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी ११.००. ढग तसेच. हिरवे. कॉन्फरन्ससाठी भाषणाचं शीर्षक सुचलं: मासे, माणसं आणि मशीन. मासे शेवटी घ्यावे का?

दु. १.३०. वारा शून्य. हिरवे. आमटी-भात.

दु. ३.२०. खिडकीतून सुंदर दृश्य. चार नंबरवर पक्षीच पक्षी. पेलिकन, घारी, आणखी कसले कसले. पन्नास तरी असतील. फोटो काढून मितालीला पाठवला, म्हटलं बघ, आपण इथे राहायला येणार आहोत. तिनं बदाम पाठवला. ऑगस्टनंतरचा पहिला. वरुण हिरवा.

दु. ४.०५. रेलीनची गाडी फार जोरात येतेय.

४ डिसेंबर, गुरुवार

काल पुढचं लिहिता आलं नाही.

पक्षी उगाच जमले नव्हते. ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन करत नाही, आणि ऑक्सिजन संपला की मासे वर येऊन तोंडं उघडतात, पक्ष्यांना आयतं ताट मिळतं. रेलीननं दारातूनच विचारलं, पॅडल का बंद आहे. मी म्हटलं, वरुण हिरवा आहे. मग तिनं स्वतः जाऊन अठराच्या अठरा पॅडल लावली. बाकीची तळी वाचली. चार नंबरमध्ये अर्ध्याहून जास्त मासे गेले. दीड वर्षाचे झाले होते, जानेवारीत निघणार होते.

संध्याकाळी ती बांधावर बसली होती. पहिल्यांदाच हॅट हातात. मला विचारलं, "विमलच्या वहीत याबद्दल काही होतं?"

मी म्हटलं, "नाही."

वही राउटरखाली होती. अजूनही आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल आणि आज दिवसभर तळ्यात. छातीपर्यंत रबरी पँट, हातात जाळं. मेलेले मासे उन्हात सोडता येत नाहीत, दुसऱ्या दिवशी जवळ उभं राहवत नाही. रेलीननं सांगितलं नव्हतं. मीच गेलो. डोंग्यात बसवेना.

जिताडा दिसायला देखणा मासा आहे. खवले चांदीसारखे, डोळे उघडे. एकेक उचलताना हाताला वजन लागतं. ते कुठल्याच रकान्यात नव्हतं.

विहानचा फोन. पुन्हा तेच, "डॅड, हॅव यू टच्ड अ फिश?" हो म्हटलं. "हाउ मेनी?" आवाजात इतका आनंद होता. मी म्हटलं, मोजले नाहीत. मितालीला फक्त एवढं सांगितलं की एका तळ्यात टेक्निकल इश्यू आहे. तिनं विहानला आत पाठवलं. मग म्हणाली, जेवलास का.

मला रडू आलं. घामही येत होता, त्यामुळे चालून गेलं.

९ डिसेंबर, मंगळवार

उभारी धरली. कारण शोधायला बसलो आणि तीन दिवसांत शोधलं.

चूक सूक्ष्म आहे. अकरा वर्षं धोका यायच्या आधी दर वेळी विमलताईंनी पॅडल लावलेलं होतं. वरुणनं पाणी बघितलंच नाही. त्यानं पॅडल बघितलं. पॅडल चालू म्हणजे धोका, पॅडल बंद म्हणजे सगळं ठीक. त्या गेल्या, पॅडल कुणी लावलं नाही, म्हणून त्याच्या मते धोकाही गेला. पाच मिनिटांचा फरक इंटरनेटचा नव्हता. आधी त्या बटण दाबायच्या, मग तो बोलायचा.

तो रकाना काढून मॉडेल पुन्हा चालवलं. अचूकता त्रेपन्न टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. म्हणजे नाण्यापेक्षा वरच.

तरी शोध तो शोधच. आठ पानी रिपोर्ट लिहिला. 'शोध' हा शब्द पाच वेळा आलाय, एक काढला.

११ डिसेंबर, गुरुवार

रेलीननं रिपोर्ट वाचला. आठही पानं, चष्मा लावून. म्हणाली, तू स्वतःची चूक शोधून स्वतः लिहून दिलीस, हे फार लोक करत नाहीत. "हे आधी कुणाला कळणार होतं?" असंही म्हणाली. विमलचं ज्ञान आणि माझं डोकं एकत्र केलं तर पुढच्या सीझनला जमेल, असं तिला वाटतं. नोकरीची आशा अजून मेलेली नाही. शुक्रवारी, १९ तारखेला, अंतिम सांगते म्हणाली.

लगेच मितालीला सांगितलं. ती हसली. थोडीशीच, पण हसली.

जाता जाता रेलीन म्हणाली, तोवर एक काम कर. विमलची वही इंग्रजीत टाइप करून दे. म्हणजे पुन्हा असं व्हायला नको.

म्हटलं, नो वरीज.

१२ डिसेंबर, शुक्रवार

राउटर उचलला. पिशवी सोडली. पहिलं पान. जसंच्या तसं उतरवून ठेवतो:

"यतीनभाऊ, रागावू नका. तुमचं मशीन हुशार आहे, पण एक गंमत मी तीन आठवडे बघतेय. मी पॅडल लावलं की पाच मिनिटांनी ते लाल होतं. मी लावलं नाही तर होत नाही. परवा सात नंबरला काही झालेलं नसताना मुद्दाम लावून बघितलं, तरी लाल झालं. म्हणजे ते पाण्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघतं. मी नसताना ते कुणाकडे बघणार? तेवढं नीट करून घ्या. तोवर भोंगा परत चालू करा. विमल. २१ नोव्हेंबर."

अक्षर सुवाच्य आहे.

राउटर उतरवला तरी सिग्नलची कांडी तेवढीच आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

विचार केला. पहिलं पान तसं खासगी पत्र आहे. वहीचा भाग म्हणता येणार नाही. सुरुवात दुसऱ्या पानापासून करणं तांत्रिकदृष्ट्या योग्य.

या फार्मवर, या अख्ख्या प्रदेशात म्हटलं तरी चालेल, ते पान वाचू शकणारी माणसं दोन. एक मी.

१४ डिसेंबर, रविवार

विमलताई परत आल्या. माझ्यासाठी पेणचे पोह्याचे पापड. एअरपोर्टवर सगळं जाहीर करून, तपासून आणले म्हणे. आल्या आल्या चार नंबरवर गेल्या आणि बराच वेळ बांधावर उभ्या राहिल्या. मी लांब थांबलो.

परत येताना माझ्यापाशी थांबल्या. चिडतील असं वाटलं होतं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. डोळे लाल होते. एवढंच विचारलं, अक्षर लागलं ना भाऊ. लागलं, म्हटलं. मान हलवली आणि भोंग्याची वायर जोडायला गेल्या.

रेलीनला त्यांनी काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाहीत, एवढं मला कळलं. ते माझ्यावर सोडलंय.

१६ डिसेंबर, मंगळवार

पान दोन ते एकवीस झाली. कठीण काम. पान नऊवर लिहिलंय, पाण्याला भिजवलेल्या वालासारखा वास आला की समजायचं शेवाळ मरतंय, वाट बघू नका. वालाला इंग्रजीत काय म्हणायचं? म्हटलं तरी रेलीनला वास कसा कळणार? विमलताईंना विचारायला गेलो. त्यांनी हात धरून पाण्यात घातला आणि नाकाशी नेला. आला. खरंच वाल.

पान चौदा: घारी फिरताना दिसल्या तर घारींकडे बघू नका, त्यांच्या खाली बघा. मितालीला पाठवलेला फोटो अजून फोनमध्ये आहे.

आज सकाळी साडेपाचला तळ्यांना फेरी मारली. झोपच लागली नव्हती.

१८ डिसेंबर, गुरुवार

पान दोन ते एक्केचाळीस तयार. पान एक बाकी.

फाडण्याचा विचार आला होता, खोटं कशाला लिहू. पण वही शिवलेली आहे. पहिलं पान फाडलं की जोडीचं शेवटचं पान सुटतं. शेवटच्या पानावर त्यांनी काही लिहिलेलं नाही. तरी सुटलेलं दिसतंच.

उद्या रेलीन सांगणार. तिनं सांगितल्यावर पाठवलं तरी चालेल. आधी सही, मग पान एक. किंवा पान एक परिशिष्टात. मितालीनं विहानच्या शाळेचा फॉर्म भरलाय, पत्त्याचा रकाना तेवढा कोरा ठेवलाय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

स. ८.१०. पान एक टाइप केलं. काही गाळलं नाही. तारीखही टाकली. रेलीनला पाठवलं.

रिप्लाय आला. एकच वाक्य: "म्हणजे ती तुला सांगून गेली होती."

वीस सेकंदही लागले नाहीत. इंटरनेट चांगलं आहे इथलं.